पाळी गेल्यानंतरची लघवीची जळजळ: जंतुसंसर्ग की इस्ट्रोजेनची उणीव?

पाळी कायमची थांबलेल्या बाईला लघवीला जळजळ सुरू झाली की आधी उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी होतं, मग मेडिकलमधून मागच्याच अँटिबायोटिकची स्ट्रिप येते. जळजळ जंतूंची आहे की पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याची, हे तपासायचं राहूनच जातं. आग, घाई, सारखं लघवीला जावं लागणं दोन्हींत असतं. उपचार मात्र अगदी वेगळे आहेत.

संसर्ग एक-दोन दिवसांत उसळतो: थेंब थेंब लघवी, ओटीपोटात दुखणं, कधी गढूळपणा. इस्ट्रोजेनची उणीव महिनोन् महिने हळूहळू जाणवत जाते. लघवी करत नसतानाही चुरचुर होते, योनीमार्ग कोरडा पडतो, संबंधाच्या वेळी दुखतं. हे बाई सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. निदान बहुतेक वेळा इथेच हुकतं. या लक्षणसमूहाला २०१४ पासून जीएसएम (जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज, म्हणजे पाळी गेल्यानंतरच्या योनी-मूत्रमार्गाच्या तक्रारी) म्हणतात.

मूत्रमार्ग, मूत्राशयाचा तळ आणि योनी या तिन्ही ठिकाणच्या पेशी इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतात. ते असतं तोवर योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन ही साखर साठते, त्यावर लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी जीवाणू जगतात आणि त्यांच्या लॅक्टिक आम्लामुळे पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) ३.८ ते ४.५ राहतो. इस्ट्रोजेन घटलं की अस्तर पातळ होतं, पीएच ५ च्या वर जातो आणि आतड्यातला ई. कोलाय हा जंतू तिथे ठाण मांडतो. तिथून मूत्राशय जेमतेम चार सेंटिमीटरवर. म्हणजे उणीव असलेल्या बाईला खरा संसर्गही वारंवार होतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला, तर मुळाशी ही उणीव आहे का ते पाहायलाच हवं.

निवाडा लघवीच्या कल्चरने, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीने होतो. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी, जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि लगेच लॅबला द्यायची. नुसत्या ‘पस सेल्स’वर (लघवीतल्या पांढऱ्या पेशींवर) भरवसा ठेवू नये, योनीतल्या स्रावानेही त्या वाढतात. रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या-अस्तराच्या पेशी) भरपूर असतील तर नमुना नीट घेतला गेला नाही असं समजावं. उलट, त्रास काहीच नसताना कल्चरमध्ये जंतू आले म्हणून उतारवयात सहसा औषध द्यायचं नसतं. आणखी एक: जळजळीवरचं अल्कली सिरप (लघवीची आम्लता कमी करणारं) नायट्रोफ्युरँटॉइन या अँटिबायोटिकसोबत घेऊ नये, त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

उणीव असेल तर इलाज योनीत लावायचं इस्ट्रोजेन. एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीम सहसा रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम (१ मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या ट्यूबमधून अर्धा ग्रॅम), दोन-तीन आठवडे, मग आठवड्यातून दोनदा. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. कोरडेपणा काही आठवड्यांत कमी होतो. लघवीच्या तक्रारींना दोन-तीन महिने लागू शकतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब टाकून देणं ही नेहमीची चूक. बंद केलं की त्रास परततो, म्हणून ते चालू ठेवावं लागतं.

तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या म्हणजे हे औषध नव्हे. १९९३ च्या एका चाचणीत योनीत एस्ट्रिऑल लावणाऱ्यांमध्ये संसर्गाचं प्रमाण वर्षाला सरासरी ०.५ होतं, तर औषध नसलेलं क्रीम लावणाऱ्यांमध्ये ५.९. गोळ्यांनी संसर्ग टळत नाही. उलट अमेरिकेतल्या मोठ्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ चाचणीत त्या घेणाऱ्यांमध्ये लघवी गळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. क्रीममधून रक्तात फारच थोडं इस्ट्रोजेन जातं. तरीही स्तनाचा कर्करोग झालेल्या, विशेषतः ॲरोमॅटेज इनहिबिटर (शरीरात इस्ट्रोजेन तयार होणं रोखणारी औषधं) घेणाऱ्या बाईने कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते सुरू करू नये. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं असेल तर आधी त्याची तपासणी.

थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. लघवीतून डोळ्यांना दिसेल असं रक्त गेलं, तर ते आपोआप थांबलं तरी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी टाळू नका.