संरक्षित झाड तोडायला कौन्सिलने नकार दिला? अपील असं करा

इंग्लंडमध्ये घर आपलं, बाग आपली, तरी झाडावर ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर म्हणजे टीपीओ (झाड जपण्याचा आदेश) असेल, तर कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, लेखी परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, छाटताही येत नाही. परवानगी नाकारली, जाचक अटी घातल्या किंवा ८ आठवडे उलटूनही निर्णय दिला नाही, तर प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे, दाद मागता येते. त्याला फी नाही.

मुदत मात्र कडक आहे. निर्णयपत्रावरच्या तारखेपासून २८ दिवस. निर्णयच आला नसेल तर ही अट नाही.

अपील फक्त मूळ अर्जदारालाच करता येतं. अर्ज नवऱ्याच्या नावाने असेल तर अपीलही त्याच्याच नावाने. शेजाऱ्याला मिळालेली परवानगी तुम्हाला खटकली, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

अपिलाच्या फॉर्मसोबत मूळ अर्ज, त्याला जोडलेले कागद, झाडाची जागा दाखवणारा नकाशा आणि कौन्सिलचं निर्णयपत्र लागतं. इथेच बरेच जण फसतात. ही प्रकरणं सहसा कागदपत्रं आणि जागेची पाहणी यांवरच निकाली निघतात, आणि इन्स्पेक्टर पाहतो ते मुख्यतः तुम्ही कौन्सिलला आधी दिलेलं. अपिलाच्या वेळी नवा अहवाल काढून बाजी पलटवू म्हणाल, तर ते जमणं अवघड. म्हणून खरी तयारी अर्ज भरतानाच करायची. झाड रोगट आहे म्हणत असाल तर वृक्षतज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा. मुळांमुळे घराला तडे जात असतील तर इंजिनिअर किंवा सर्व्हेअरचाही. ‘पानं फार पडतात, गटार तुंबतं’ एवढ्यावर सहसा कोणी विरघळत नाही. पुरावा कच्चा राहिलाच असेल, तर माझ्या मते अपिलात वेळ घालवण्यापेक्षा नीट अहवाल जोडून कौन्सिलकडे नवा अर्ज करणं शहाणपणाचं.

झाड कॉन्झर्व्हेशन एरियात (वास्तू किंवा इतिहासासाठी जपलेल्या भागात) असेल, पण त्यावर टीपीओ नसेल, तर कौन्सिलला फक्त ६ आठवडे आधी नोटीस द्यायची असते. तिथे नकार नसतो, म्हणून अपीलही नाही. झाड वाचवायचंच असेल तर कौन्सिल नवा टीपीओ काढते.

इन्स्पेक्टरचा निकाल विरोधात गेला, तर कायद्याची चूक दाखवूनच हायकोर्टात जाता येतं. निकाल लागेपर्यंत करवतीला हात लावू नका. परवानगीशिवाय संरक्षित झाड तोडल्यास होणाऱ्या दंडाला कमाल मर्यादा नाही. फांदी खरोखरच अंगावर पडण्याच्या बेतात असेल, तर धोका टळेल इतकंच कापा आणि कापण्याआधीचे फोटो जपून ठेवा.