खडीसाखर, सोन्याचा वर्ख आणि पांढरे मणी

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रीबे म्हणून छोटंसं गाव आहे, देशातलं सगळ्यात जुनं शहर ते. इ.स. ७०० नंतर लगेचच तिथे नदीकाठी बाजार उभा राहिला, व्हायकिंगांच्या स्वाऱ्या सुरू व्हायच्याही आधी, आणि तिथे शिंगाचे कंगवे करणारे, पितळ ओतणारे, काचेचे मणी करणारे असे कारागीर जवळजवळच दुकानं मांडून बसायचे.

मला त्यातले मणीवाले फार आवडतात.

कारण उत्तरेत तेव्हा काच बनतच नव्हती, ती बनायची इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या बाजूला, वाळू आणि नेट्रॉन नावाचा क्षार एकत्र वितळवून. मग रीबेत काच कुठून यायची? भंगारातून! फुटकी भांडी, शिवाय जुन्या रोमन इमारतींच्या मोझेकमधून, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या नक्षीमधून, उचकटलेले काचेचे चौकोनी तुकडे. त्यातले काही सोनेरी, म्हणजे दोन पारदर्शक काचांच्या मधे सोन्याचा अगदी पातळ वर्ख.

२०२२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी रीबेतल्या पांढऱ्या मण्यांची रासायनिक तपासणी केली, तर ती काच या सोनेरी तुकड्यांतलीच निघाली. पण ती काच तर पारदर्शक, मग मणी पांढरा कसा झाला? रोमन लोक यासाठी काचेत अँटिमनी नावाचं मूलद्रव्य घालायचे, आणि ते रीबेत कुठलं मिळायला. तर या कारागिरांनी काय केलं, सोनं बाजूला काढलं, काच कुटून भुगा केला, कमी आचेवर मऊ केला आणि ढवळत राहिले, त्याने हवेचे बारीक बारीक बुडबुडे आत अडकले आणि मग तो घट्ट रस लोखंडी सळईवर गुंडाळला की पांढराशुभ्र मणी तयार! सळई काढली की भोक आपोआप.

खडीसाखरेचा खडा कसा काचेसारखा दिसतो, पण खलबत्त्यात कुटला की पांढरी पूड होते ना, अगदी तेच. रंग कुठला घातलेलाच नसतो, प्रकाश हवा आणि काच यांच्या मधल्या असंख्य पृष्ठभागांवर आपटून सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. आच कमी म्हणजे लाकूडही कमी जळणार, आणि वर्खातलं सोनं हातात उरलं ते वेगळंच.

ही अक्कल कुठल्या पुस्तकातून आलेली नाही, आचेसमोर बसून हाताला कळलेली आहे, आणि म्हणूनच मला ती एवढी थोर वाटते.

पुढे आठव्या शतकाच्या शेवटी मध्यपूर्वेतून तयार मणीच ढिगाने यायला लागले, आणि रीबेतलं मणी बनवायचं काम हळूहळू कमी होत गेलं.