पहिल्यांदा सुऱ्या घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानात पहिली सुरी घ्यायला साधारण तीन प्रकारचे ग्राहक येतात. नवा संसार मांडणारी जोडपी, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी खोली घेऊन राहणारी मुले-मुली आणि आयुष्यभर विळीवर चिरत आलेल्या, पण आता गुडघ्यांमुळे खाली बसणे जमेनासे झालेल्या काकू-मावश्या. तिघांचाही पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "चांगला सेट केवढ्याला पडेल?" या प्रश्नाचे आमचे उत्तर असे, की सुरुवातीला तयार सेट घेऊच नये. हाताशी दोन हजार रुपये असतील, तर त्यात दोन सुऱ्या, एक चॉपिंग बोर्ड आणि धार लावायचा एक दगड असा आपला संच आपणच जुळवावा. असे आम्ही का म्हणतो, आणि या चार वस्तू कशा पारखून घ्याव्यात, ते या पत्रकात सांगितले आहे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही लाकडी ठोकळ्यात खोचलेले सात नगांचे संच विकत होतो. त्यांपैकी एक संच घेऊन गेलेल्या ताई दोन वर्षांनी तो ठोकळा धार लावण्यासाठी परत घेऊन आल्या. त्यातल्या चार सुऱ्या जवळजवळ नव्या होत्या, एकीच्या टोकावरची प्लॅस्टिकची टोपीसुद्धा निघालेली नव्हती. रोजच्या वापरातली मोठी सुरी मात्र पार बोथट झाली होती. आम्ही ती दिव्याखाली धार वर करून धरली. चांगल्या धारेवर उजेड ठरत नाही, ती रेघ काळीच दिसते. या सुरीच्या धारेवर मुठीपासून टोकापर्यंत चमकदार ठिपक्यांची ओळ होती, म्हणजे तेवढ्या ठिकाणी धार चेपून सपाट झाली होती. चौकशी केल्यावर कळले, की त्या थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर भाजी चिरत होत्या. संच विकताना बोर्डाविषयी आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो, ही चूक आमचीच होती. त्या दिवसापासून मोठे संच आम्ही मांडणीतून काढून टाकले.

दोन सुऱ्या कोणत्या?

पहिली मोठी सुरी, जिच्या पात्याची लांबी १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे सहा ते आठ इंच असावी. कांदा, कोबी, कोथिंबीर, लाल भोपळा, कलिंगड, चिकन अशी जवळजवळ सगळी कामे हिच्यावर होतात. हात लहान असेल किंवा ओट्यावर जागा कमी असेल, तर सहा इंची घ्यावी. कोबीचा मोठा गड्डा एका घावात दुभागायचा असेल, तर आठ इंची बरी. या सुरीबाबत एक गोष्ट फारसे कोणी पाहत नाही, ती म्हणजे मुठीजवळ पात्याची रुंदी. ही रुंदी साधारण चार सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त हवी. त्याहून अरुंद पात्याने चिरताना बोटांची पेरे दर वेळी बोर्डावर आपटतात, आणि मग माणूस ती सुरी नकळत बाजूला ठेवून पुन्हा छोटीच उचलतो.

दुसरी छोटी सुरी, पाते आठ ते दहा सेंटीमीटरचे. लसूण सोलणे, बटाट्याचे डोळे काढणे, भरल्या वांग्यांना चिरा देणे, मिरचीचे देठ खुडणे अशी हातात धरून करायची कामे हिची. ही स्वस्तातली घेतली तरी चालते. पैसे वाचवायचे असतील तर येथे वाचवावेत, मोठ्या सुरीत नव्हे.

घरात न कापलेला पाव नेहमी येत असेल, तरच दातेरी पात्याची तिसरी सुरी घ्यावी. एरवी ती खणात पडून राहते.

आणि घरात विळी असेल, तर ती कृपया काढून टाकू नका. विळीचे पाते स्थिर असते आणि दोन्ही हातांनी भाजी त्यावर ढकलली जाते. सुरीत भाजी स्थिर असते आणि पाते फिरते. सवय वेगळी असल्यामुळे सुरुवातीचे काही दिवस सुरी परकी वाटते, तो सुरीचा दोष नव्हे. शिवाय नारळ खवायला विळीची खवणी लागतेच, आणि चिकाने भरलेला फणस तेलाचा हात लावून विळीवर किंवा कोयत्यानेच फोडावा. नारळ फोडणे, हाडे तोडणे, गोठलेले मटण सुटे करणे यांसाठी आमच्याकडची कोणतीही सुरी वापरू नये. पात्याला खाच पडते आणि ती काढायची तर बरेच पोलाद घासून घालवावे लागते.

पोलाद आणि मूठ

पोलादात क्रोमियम किमान १०.५ टक्के असले, की त्याला स्टेनलेस म्हणतात. परंतु स्टेनलेस असणे आणि धार टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरातली ताटे-वाट्या ज्या १८/८ पोलादाच्या असतात, त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ते गंजत नाही, पण तापवून आणि थंड करून ते कठीण करता येत नाही. आपल्या लोहारांच्या भाषेत सांगायचे, तर त्याला पाणी चढत नाही. सुरीला पाणी चढणारे पोलाद लागते, आणि त्यासाठी त्यात पुरेसा कार्बन असावा लागतो. मध्यम किमतीच्या चांगल्या सुऱ्यांत तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो.

दुकानात करता येण्याजोगी एक साधी परीक्षा म्हणजे फ्रिजवर लावायचे लोहचुंबक. ते पात्याला घट्ट चिकटले नाही, तर ती सुरी भाजीसाठी घेऊ नये. चिकटले म्हणजे सुरी उत्तम, असे मात्र नाही. पाणी न चढणारी काही पोलादेही चुंबकाला चिकटतात. म्हणून खोक्यावर पोलादाचा प्रकार किंवा कठीणपणाचा आकडा छापलेला आहे का, ते पाहावे. हा आकडा रॉकवेल मापात देतात. रोजच्या स्वयंपाकासाठी ५४ ते ५७ पुरेसा आहे. ६० च्या पुढच्या जपानी पद्धतीच्या सुऱ्या अप्रतिम चिरतात, पण पाते ठिसूळ असल्याने सुरण किंवा भोपळ्यात सुरी अडकून हाताने पिळली गेली, की धारेचा कपचा उडू शकतो. पहिल्या सुरीसाठी आम्ही त्या सुचवत नाही. खोक्यावरच्या 'सर्जिकल स्टील' या शब्दांना ठराविक असा अर्थ नाही, त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

साध्या कार्बन पोलादाची सुरी स्वस्त असते आणि तिला धारही झटकन लागते. परंतु लिंबू, चिंच, कैरी चिरून ती तशीच ठेवली, तर काळी पडते, आणि ओली राहिली तर गंजते. वापरताक्षणी धुऊन पुसण्याची शिस्त घरातल्या प्रत्येकाला असेल, तरच ती घ्यावी.

मूठ डोळ्यांनी पाहून निवडता येत नाही, ती हातात धरूनच पाहावी. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मुठीलगतचे पाते धरावे आणि उरलेली तीन बोटे मुठीभोवती घ्यावीत. मोठी सुरी अशीच धरायची असते. या पकडीत पात्याची वरची कड बोटाला बोचत असेल, तर ती सुरी परत ठेवावी. पाते आणि मूठ जिथे मिळतात तिथे नख फिरवून पाहावे. नख अडकेल एवढी फट असेल, तर तिथे पाणी आणि भाजीचा अंश साचून राहणार. पाते मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असलेच पाहिजे, असा काही ग्राहकांचा आग्रह असतो. जड सुरीत त्याचा उपयोग आहे, पण सलग ओतलेल्या प्लॅस्टिकच्या मुठीची हलकी सुरी त्याशिवायही वर्षानुवर्षे टिकते, आणि कमी पैशांत आम्ही तीच सुचवतो.

बोर्ड

बोर्ड लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकचा घ्यावा. काच, संगमरवर, ग्रॅनाइट आणि स्टीलचे ताट हे चारही धारेचे शत्रू आहेत. बोर्डाखाली ओले फडके पसरले, की तो सरकत नाही. मांस-मासळीसाठी वेगळा बोर्ड ठेवावा, त्यासाठी स्वस्त प्लॅस्टिकचा पुरेसा आहे.

धार

या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. तीनशे रुपयांची धारदार सुरी तीन हजारांच्या बोथट सुरीपेक्षा चांगली चिरते आणि अधिक सुरक्षितही असते. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, टोमॅटोच्या सालीवरून ती घसरते आणि तो सगळा जोर बोटावर येतो. कांद्याने डोळ्यांना धारा लागण्यामागेही बरेचदा बोथट सुरीच असते, कारण ती कांदा चिरण्याऐवजी चेचते आणि झोंबणारा रस जास्त उडतो.

एक हजार नंबरचा एक दगड घरासाठी पुरतो (हा नंबर दगडाच्या कणांचा बारीकपणा सांगतो). पाण्यात भिजवायच्या प्रकारचा असेल, तर बुडबुडे थांबेपर्यंत तो भिजू द्यावा आणि ओल्या फडक्यावर ठेवावा. पाते दगडाशी साधारण २० अंशांत धरायचे असते. हा कोन कसा ओळखायचा, असे सगळेच विचारतात. कागदाचा काटकोनी कोपरा घ्यावा, तो मध्ये दुमडला की ४५ अंश होतात, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्या घडीएवढे किंवा किंचित कमी पाते उचलावे आणि कोन न बदलता एका बाजूने सावकाश घासत राहावे. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला, पात्याकडून धारेच्या बाहेर अलगद बोट फिरवल्यास बारीक खरखर लागते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती संपूर्ण लांबीवर लागली, की बाजू बदलावी, आणि शेवटी अगदी हलक्या हाताने दोन्ही बाजू आलटून-पालटून घासून ती बर काढून टाकावी. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढली असता साल चिरली गेली, तर धार लागली असे समजावे.

दारावर येणाऱ्या धारवाल्या दादांकडे विळी आणि कोयता जरूर द्यावा. त्यांच्या हातात वर्षांचे कसब असते. परंतु पातळ पात्याची सुरी कोरड्या फिरत्या चाकावर लवकर तापते, आणि धारेवर निळसर डाग उमटला तर तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. तिथे पुन्हा धार टिकत नाही. म्हणून सुरी द्यायचीच असेल, तर मधून मधून पाण्यात बुडवायला सांगावे. ज्यांना दगड जमणार नाही, त्यांनी सुरी आमच्याकडे आणावी. वर्षातून दोनदा तरी धार लावून घ्यावी; खंडेनवमीला हत्यारे घासून-पुसून पूजेला मांडण्याची रीत अनेक घरांत आहेच, त्याआधीचा आठवडा यासाठी सोयीचा पडतो.

सुरी सिंकमध्ये खरकट्या भांड्यांत टाकू नये. तिथे धारही जाते आणि भांडी घासणाऱ्या व्यक्तीचा हातही कापतो. मऊ घासणीने, मुठीकडून टोकाकडे पुसत धुवावी आणि लगेच कोरडी करावी. आमच्याकडून सुरी घेताना पात्यावर पुठ्ठ्याचे म्यान घालून मिळते. ते फेकून देऊ नये, खणात ठेवताना तेच वापरावे, आणि फाटले की दुकानातून दुसरे विनामूल्य घेऊन जावे.