पपई सुकली म्हणून पाणी वाढवू नका

‘पानं मलूल झाली म्हणजे झाडाला तहान लागली’ हा समज शहादा-नंदुरबारकडच्या पपई पट्ट्यातच नव्हे, सगळीकडे ऐकू येतो. पावसाळ्यात या समजापायी बाग हातची जाते. माती ओली असूनही झाड मान टाकत असेल, तर बहुधा मुळंच कुजलेली असतात. कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं?

आधी खोडापासून वीतभर अंतरावर उकरून बारीक मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरं, टणक. कुजलेलं तपकिरी, चिमटीत ओढलं की साल सुटते, आतला दोरा हातात राहतो. जमिनीलगत खोडावर पाणचट चट्टे दिसतात. फायटोप्थोरा (मुळं-खोड कुजवणारी, बुरशीसारखी रोगकारक जात) असेल तर फळावरही ओलसर डाग पडून पांढरी बुरशी चढते. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून वाढवलेलं पाणी रोग शेजारच्या झाडापर्यंत नेतं.

ठिबक लगेच बंद करा, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. पपईची मुळं दोन दिवसही पाण्यात तग धरत नाहीत. लागण नुकतीच असेल तर १ टक्का बोर्डो मिश्रणाची (१ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी) बुंध्याभोवती आळवणी करा, म्हणजे मुळांपर्यंत मुरेल असं ओता. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) त्याच वेळी देऊ नका, मोरचुदातल्या तांब्याने ती मरते. पंधरा दिवस थांबा. खोड भोवताली कुजलेलं झाड मात्र वाचत नाही. ते मुळांसकट उपटून, गळलेल्या फळांसह बागेबाहेर जाळा. बांधावर टाकलंत तर पुढच्या पावसात रोग परत येतो.

पुढची लागवड गादीवाफ्यावरच, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावरच करा.