माझदा रोडस्टर: ९४० किलोची गाडी आणि तिची ९९० किलोची वारस

आपल्याकडे रस्त्यावर 'माझदा' हे नाव दिसले ते स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसवर. त्यामुळे हिरोशिमाच्या याच कंपनीने जगातली सर्वाधिक खपलेली दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार बनवली, हे अनेकांना ठाऊक नसते. जपानमध्ये ती रोडस्टर, अमेरिकेत मियाटा आणि इतरत्र एमएक्स-५. पहिली पिढी एनए १९८९ची, चौथी आणि सध्याची एनडी २०१५ची. या दोघींची तुलना बहुतेक वेळा अश्वशक्तीवरून होते. खरे तर ती वजनावरून व्हायला हवी, कारण या गाडीचा सगळा इतिहास वजनाशी झगडण्याचा आहे.

कल्पना मूळची ब्रिटिश. एमजी, ट्रायम्फ, लोटस एलान या छोट्या, हलक्या गाड्या साठच्या दशकात अमेरिकेत भरपूर खपल्या. पुढे तिथले धुराचे आणि बंपरचे नियम कडक झाले. एमजीच्या एमजीबी या मॉडेलला जाड रबरी बंपर लावावे लागले, गाडीची उंची वाढवावी लागली आणि तिची चाल बिघडली. १९८०मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच्या आदल्याच वर्षी बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवले होते की अशी साधी, स्वस्त, उघडी गाडी आता कोणीच बनवत नाही, तुम्ही बनवा.

माझदात तीन आराखडे स्पर्धेत उतरले. जपानी गटांनी दोन मांडले: इंजिन पुढे आणि ताकद पुढच्या चाकांना, किंवा इंजिन मधोमध. कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओने इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना असा जुना ब्रिटिश बाज धरला, आणि तोच निवडला गेला. चालता नमुना इंग्लंडमधल्या वर्दिंगच्या एका संस्थेकडून बनवून घेतला आणि १९८५मध्ये सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून पाहिला. पुढची सूत्रे तोशिहिको हिराई यांच्याकडे आली. 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, हे त्यांचे ब्रीद होते. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली.

हिराईंच्या गाडीत इंजिन साधेच होते: फॅमिलिया या घरगुती गाडीतल्या १५९७ सीसी इंजिनाची सुधारित आवृत्ती, जपानात १२० पीएस (अश्वशक्तीचे मेट्रिक माप). कसब खाली, पत्र्याआड होते. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन आडव्या भुजांनी धरलेले), आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच) यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब, जाळीदार तुळई. एरवी अॅक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल रबरी माउंटवर पीळ खाते आणि मगच धक्का चाकांपर्यंत पोचतो. तुळईमुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकच अंग बनते आणि पाय हलताच गाडी हलते. मात्र गिअरबॉक्स उतरवताना ही तुळई काढावी लागते आणि परत बसवताना तिची उंची नेमकी जुळवावी लागते. नाहीतर शाफ्टचा कोन बदलतो आणि वेगात गाडी थरथरते.

एनए आज विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचे टोक पाहावे. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. टायमिंग बेल्ट बदलल्यावर मधला बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुली किंचित डुलते आणि आतली अर्धचंद्राकृती चावी आपली खाच कुरतडत जाते. टायमिंग मागे सरकते, ताकद गळते, शेवटी क्रँकच निकामी होतो. १९९१मध्ये माझदाने टोक लांब केले. ओळख सोपी आहे: पुढच्या पुलीत चार खाचा असतील तर जुना क्रँक, आठ असतील तर नवा. चार खाचांच्या इंजिनात बोल्ट प्रत्येक वेळी नवाच घालावा.

दुसरे दुखणे गंजाचे. टपावर पडलेले पाणी सीटमागच्या पन्हळीत उतरते आणि दोन नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडते. पालापाचोळ्याने नळ्या तुंबल्या की तेच पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साचते. गंज आतून लागतो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आत भोक पडलेले असते. पन्हळीत लिटरभर पाणी ओतावे. ते मागच्या चाकापुढे धार धरून पडले नाही, तर पत्रा ठोकून पाहावा. गिअर दांड्याखालचे रबर फाटले तर केबिनमध्ये गरम हवा येते. ते बदलताना दांड्याच्या खोबणीत सुमारे ८५ मिली गिअर तेल भरायचे विसरू नये. ही खोबण गिअरबॉक्सच्या मुख्य तेलापासून वेगळी असते, म्हणूनच ते राहून जाते. जिच्या बोटाएवढ्या हालचालीचे इतके कौतुक होते, ती दांडी तेलाविना खरखरते.

मधल्या दोन पिढ्यांत गाडी हळूहळू जड झाली. १९९८च्या एनबीत उघडझाप करणारे हेडलाइट गेले. २००५च्या एनसीत दोन लिटरचे इंजिन आले, चाकांना चाराऐवजी पाच नट आले आणि जपानी कॅटलॉगमधले किमान वजन १०९० किलोवर गेले. एनएचे ९४० होते.

एनडीचे प्रमुख नोबुहिरो यामामोतो यांनी ही चढण उलटी फिरवली. बोनेट आणि डिकीबरोबर पुढचे मडगार्डही अॅल्युमिनियमचे केले, नट पुन्हा चार झाले, तेही एनएच्याच १०० मिमी वर्तुळावर. सहावा गिअर थेट १:१ ठेवल्याने डिफरन्शियलमधले अंतिम गुणोत्तर एनएच्या ४.३००वरून २.८६६वर आले आणि डिफरन्शियल लहान झाले. वजन ९९० किलो, लांबी ३९१५ मिमी. एनए ३९७० मिमी होती, म्हणजे एअरबॅग आणि धडकेचे नियम सांभाळूनही वारस पूर्वजापेक्षा आखूड. जपानी गाडीचे इंजिन १.५ लिटर, १३१ पीएस (अमेरिकेत दोन लिटरचे). दर पीएसमागे एनएला ७.८ किलो ओढावे लागत, एनडीला ७.६. पंचवीस वर्षांत एवढाच फरक, आणि तो मुद्दाम एवढाच ठेवलेला आहे.

एनडीतही उणिवा आहेत. विजेवर चालणारे स्टिअरिंग रस्त्याची तितकी खबर देत नाही जितकी एनएचे बिनापॉवरचे स्टिअरिंग देते. २०१६-१७च्या दोन लिटर गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी आल्या आणि कंपनीला आतले भाग बदलावे लागले. २०१९च्या मॉडेलमध्ये ते दोन लिटरचे इंजिन १८४ पीएसचे झाले. प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने हलका केला, म्हणून लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या वेगाची मर्यादा, मिनिटाला ६८००वरून ७५०० फेऱ्यांवर जाऊ शकली.

नवी गाडी बाजारात असतानाच, २०१७मध्ये माझदाने जपानमध्ये जुन्या एनए नव्यासारख्या करून देण्याची सेवा जाहीर केली. त्यासाठी कापडी टप आणि नार्दी या इटालियन कंपनीचे लाकडी स्टिअरिंग पुन्हा बनवायला घेतले, आणि ब्रिजस्टोनने मूळच्या १८५/६० आर१४ मापाचा टायर त्याच जुन्या नक्षीत नव्याने काढला.