ब्रिसलनोज मासा : आहार व नर-मादी ओळख

दक्षिण अमेरिका व पनामा येथील गोड्या पाण्यातील, लोरिकॅरिडी कुलातील अँसिस्ट्रस या प्रजातीच्या मार्जारमीनांना मत्स्यालयाच्या व्यवहारात ब्रिसलनोज म्हणतात. या प्रजातीची स्थापना रूडोल्फ क्नेर यांनी १८५४ मध्ये केली आणि आज तीत सत्तरच्या आसपास वर्णित जाती मानल्या जातात. मासा साधारणपणे १० ते १५ सेंमी. वाढतो. भारतीय दुकानांत ‘सकर’ या सरसकट नावाने मिळणारी टेरिगोप्लिक्थिस प्रजातीची पिले मात्र पुढे ४० सेंमी.च्याही पुढे जातात. लहानपणी दोन्ही सारखीच दिसत असल्याने पाठीवरच्या पराकडे पाहणे इष्ट. टेरिगोप्लिक्थिसचा हा पर लांबलचक, शिडासारखा व दहा किंवा अधिक अरांचा (पराला आधार देणाऱ्या काड्यांचा) असतो, तर ब्रिसलनोजचा त्यामानाने आखूड असतो.

टाकीत सर्वत्र दिसणारा तपकिरी ब्रिसलनोज नेमक्या कोणत्या जातीचा, हा प्रश्न सुटलेला नाही. जुन्या हौशी वाङ्मयात त्याला सर्रास अँसिस्ट्रस डोलिकॉप्टेरस म्हटले जाई. ते नाव खरे तर रिओ निग्रो या ॲमेझॉनच्या उपनदीच्या काळ्या, आम्लधर्मी पाण्यातील पांढऱ्या ठिपक्यांच्या जातीचे असून, दात्स या जर्मन नियतकालिकाने १९८८ पासून सुरू केलेल्या एल-क्रमांकांच्या (या कुलातील माशांना ओळखीसाठी दिलेल्या क्रमांकांच्या) यादीत तिला एल १८३ हा क्रमांक आहे. व्हॅलेन्सिएन्स यांनी १८३६ मध्ये वर्णिलेल्या अँसिस्ट्रस सिऱ्होससशीही टाकीतल्या माशाची सांगड घातली जाते. तथापि अनेक पिढ्यांच्या बंदिस्त पैदाशीत संकर झाला असण्याची शक्यता लक्षात घेता, जातीचे नाव ठामपणे न देण्याची सावध पद्धत अधिक ग्राह्य वाटते. अल्बिनो, लांब परांचे व लाल हे प्रकार याच पाळीव साठ्यातील निवडीतून आलेले आहेत.

नर-मादी ओळखण्याची सर्वमान्य खूण म्हणजे मुस्कटावरचे मांसल तंतू. प्रौढ नरात ते मुस्कटाच्या कडेवर तर असतातच, शिवाय मधोमध कपाळाच्या दिशेने चढत जातात आणि पुष्कळदा टोकाला दुभंगतात. मादीत ते नसतात किंवा केवळ ओठावरच्या कडेला आखूड ओळीत दिसतात. कडेचे तंतू पाहून मादीला कोवळा नर समजण्याची चूक होते, म्हणून निर्णय मधल्या तंतूंवर ठेवावा. मासा ५ ते ६ सेंमी.चा होईपर्यंत ही खूण भरवशाची नसते. गालांवरील काटेरी त्वचादंत (त्वचेतून निघणारे दातांसारखे काटे) नरात अधिक ठळक असतात, आणि अंड्यांनी भरलेली मादी वरून पाहिल्यास पोटाशी रुंद दिसते. परंतु भरपूर खाल्लेला नरही तसाच फुगीर दिसत असल्याने पोटाच्या या खुणेचे मोल कमी आहे.

तंतूंच्या प्रयोजनाविषयी मतभेद आहेत. ते स्पर्शज्ञानासाठी असावेत किंवा इतर नरांवर वरचष्मा दाखवण्यासाठी असावेत, अशी मते मांडली गेली आहेत. सबाज, आर्मब्रस्टर व पेज या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये निराळा विचार मांडला : या कुलातील माद्या आधीच पिले राखत असलेल्या नराला पसंती देत असाव्यात आणि मुस्कटावरचे वळवळते तंतू पिलांचा आभास निर्माण करत असावेत. गुहेत अंडी व पिले राखण्याचे काम नरच करतो, या वस्तुस्थितीशी हे मत चांगले जुळते, आणि तंतू प्रामुख्याने नरातच का वाढतात याचाही उलगडा त्याने होतो. पुरावा मुख्यतः अप्रत्यक्ष असला, तरी केवळ स्पर्शज्ञानाच्या कल्पनेपेक्षा ते अधिक समर्पक ठरते.

निसर्गात हे मासे दगड-लाकडांवरील शैवाल व सेंद्रिय गाळ खरवडून खातात. लांब, वेटोळे आतडे त्या आहाराला साजेसे आहे. केवळ टाकीतल्या शैवालावर त्यांचे भागत नाही. काचा स्वच्छ झाल्या की मासा उपाशी राहतो आणि त्याचे पोट आत ओढल्यासारखे दिसू लागते. काकडीची चकती, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, सोललेले वाटाणे व शैवालाच्या वड्या हा नेहमीचा आहार होय. काकडी चमच्याला किंवा दगडाला अडकवून दिवे मालवल्यावर तळाशी ठेवतात. सकाळी मऊ गर खरवडलेला आणि सालीचे कडे उरलेले आढळते, हे कडे पाणी बिघडण्यापूर्वी काढावे. टाकीत लाकूड ठेवण्याचा प्रघात आहे, पण ते पोषण देते असे समजू नये. लाकूड खाणाऱ्या पॅनेक प्रजातीवर डोनोव्हन जर्मन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या माशांनाही सेल्युलोज फारसे पचत नसल्याचे दिसले. लाकडावर साचणारा सूक्ष्मजीवांचा थर मात्र उपयोगी पडतो.

टेट्रा, गप्पी यांसारख्या सोबत्यांशी या माशाचे सहसा भांडण होत नाही; मात्र वर तरंगणारे खाद्य हे सोबतीच आधी फस्त करतात, म्हणून बुडणारे खाद्य रात्री द्यावे. दोन प्रौढ नर लहान टाकीत एकाच गुहेवरून झुंजतात. अंड्यांवर बसलेला नर कित्येक दिवस गुहेतून खाण्यासाठी क्वचितच बाहेर येतो. हा आजार समजून त्याला हलवू नये.