थिजलेला ससा आणि निर्धास्त ससा

घाबरलेला ससा पळतो, पाय आपटतो, पलंगाखाली दडतो, हे ससा पाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. फसगत होते ती न हलणाऱ्या सशाच्या बाबतीत. लातूर-परभणीकडच्या कितीतरी घरांत पाहुणे आले, की सशाला मांडीवर उताणा निजवतात आणि "बघा, कसा माणसाळलाय" असे कौतुकाने सांगतात. हे कौतुक मला मुळीच पाहवत नाही.

ससा ही मुळात शिकाऱ्यांच्या तोंडी जाणारी जात आहे. पळायला वाट उरली नाही, की तो थिजतो आणि उताणा केल्यावर तर शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्याप्रमाणे निपचित पडून राहतो. मात्र आत तो पुरता भेदरलेला असतो. अशा अवस्थेतून अचानक सावरून त्याने मागच्या पायांचा जोरात हिसडा दिला, तर त्याचा नाजूक कणासुद्धा मोडू शकतो.

थिजलेल्या सशाचे अंग आखडलेले, पाय पोटाखाली ओढलेले, कान पाठीला घट्ट चिकटलेले आणि डोळे वटारलेले असतात. निर्धास्त ससा अंग सैल सोडतो, मागचे पाय एका बाजूला पसरतो, त्याच्या नाकाची थरथर मंदावते आणि कधी तो असा धपकन कुशीवर लवंडतो, की नवख्या माणसाच्या पोटात धस्स व्हावे. दातांचे म्हणाल, तर हलकी कुरकुर समाधानाची, मोठी करकर दुखण्याची.

हा निर्धास्तपणा धरूनबांधून आणता येत नाही. आपण जमिनीवर बसावे, कोथिंबिरीची काडी शेजारी ठेवावी आणि तो आपणहून हुंगायला येईपर्यंत हात आवरावा. अगदी नाकापुढचे त्याला दिसत नसल्याने समोरून बोट नेले, की तो दचकतो. म्हणून हात बाजूने, त्याला दिसेल असा न्यावा आणि कपाळ कुरवाळावे. कान धरून उचलणाऱ्यांच्या घरी ससा नसलेलाच बरा.

आपल्याकडच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात मात्र पसरलेले पाय पाहूनही निश्चिंत होऊ नये. कान तापलेले असतील, ससा तोंड उघडून धापा टाकत असेल, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत नेऊन कान साध्या पाण्याने ओले करावेत आणि तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.